एक म्हातारी हवी

न्हाव्याच्या तोंडाला लाळच सुटेना. आपल्याच दुकानातल्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत तो नळी ओठांशी धरून, गाल आत ओढून, डोळे घट्ट मिटून बसला होता, आणि बाकावर दाढीसाठी थांबलेले दोघे त्याची ही दशा आरशातून मजेत बघत होते.

"लिंबाचा विचार करा, मामा," नळ्यांची पिशवी घेऊन समोर उभी असलेली ती म्हणाली.

"करतोय की. लिंबू झालं, चिंच झाली. तोंड आपलं कोरडं ठाक."

"सकाळपासून तोंडाचा पट्टा चालू आहे याचा," बाकावरचा एक म्हणाला. "इतकी थुंकी फुकट गेली, तेव्हा कुठे होतीस तू?"

"घरी बोलायला कुणी उरलं नाही, म्हणून दुकानात बोलतो," न्हावी डोळे न उघडता म्हणाला. "तुझ्या पोटात का दुखतंय?"

बाकावरचे दोघे हसले. तीही हसली. अशा जागी हसावं लागतं, नाहीतर कोण कशाला तिच्या नळीत थुंकेल?

अखेर नळी रेघेपर्यंत भरली. वरचा फेस धरायचा नसतो हे तिने त्याला पुन्हा एकदा सांगितलं, झाकण घट्ट फिरवलं आणि नळी हलवून पिशवीत ठेवली. न्हावी मोठी लढाई मारल्यासारखा ऐटीत उभा राहिला. मग तिने तिचा नेहमीचा प्रश्न विचारला.

"घरातली कुणी वयस्क बाई देईल का? तुमची आई, काकू, मावशी?"

"सोड ते," न्हावी म्हणाला आणि तिच्याकडे पाठ करून वस्तऱ्याला धार लावू लागला.

ती मनातल्या मनात चडफडली. सगळीकडे हेच. पुरुष थट्टामस्करी करत का होईना, थुंकतात. आणि घरातल्या मोठ्या बाईचं विचारलं, की यांची तोंडं शिवली जातात. तिने फोनवरच्या यादीत त्या घरापुढे 'वयस्क स्त्री: नकार' अशी खूण केली आणि पिशवी खांद्याला लावली.

टाकीखालच्या गल्ल्यांत तिला थुंकीवाली म्हणत. आधी तोंडावर ताई आणि पाठीमागे थुंकीवाली, हल्ली दोन्हीकडे थुंकीवालीच. नाव पडलं म्हणजे माणूस आपला झाला, असं कामाच्या पहिल्या दिवशी साहेबांनी सांगितलं होतं. साहेबांचं काय जातंय सांगायला? त्यांना कुणी थुंकीवाला म्हटलेलं तिने ऐकलं नव्हतं.

काम मोठं होतं, यात वाद नाही. देशातल्या नाना तऱ्हेच्या माणसांची लाळ गोळा करायची, तिच्यातली जनुकं वाचायची, आणि कुठला आजार कुणाच्या रक्तातून येतो ते शोधून काढायचं. आजवर जे वाचून झालं होतं ते एकाच तऱ्हेच्या लोकांचं. खाऊनपिऊन सुखी, शिकलेल्या, स्वतःहून दवाखान्यात जाणाऱ्या लोकांचं. टाकीखालचे त्यात नव्हतेच. हे लोक कधीकाळी डोंगरातून खाली आले, शहराच्या पाण्याच्या टाकीखाली घरं बांधून राहिले आणि आपसांतच सोयरिकी करत राहिले. कपाळं रुंद, कानाच्या पाळ्या गालाला चिकटलेल्या, आणि बाहेरचा माणूस काही विचारायला आला की सगळ्यांचे हात कानांवर.

तिची आई इथली. आई गेली तेव्हा ती नुकती शाळेत जायला लागली होती, धाकटी बहीण तर कडेवरच होती. वडील बाहेरचे. त्यांनी दोघी पोरींना उचलून शहराच्या दुसऱ्या टोकाला नेलं आणि सासुरवाडीचं पुन्हा तोंड पाहिलं नाही. त्यामुळे नात्याने अर्ध्या वस्तीची भाची असूनही तिला या गल्ल्या नव्याने शिकाव्या लागल्या. ती नात्याच्याच बळावर आत शिरली. न्हावी आईचा चुलतभाऊ, सुतार त्याचा साडू, शाळेतला शिपाई सुताराचा मेहुणा. एकजण थुंकला की तो पुढचं दार दाखवी. हे जमू लागलं तेव्हा तिला स्वतःचंच फार कौतुक वाटलं होतं.

पण ती एवढ्या नाकदुऱ्या काढत होती त्या देशासाठी नव्हे. धाकटीसाठी.

धाकटी घरी पडदे शिवायची. लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, आणि तिला मूल हवं होतं. आई आणि मावशी, दोघीही छातीच्या कॅन्सरने गेल्या हे ऐकल्यावर डॉक्टरबाईंनी आधी धाकटीची जनुकं तपासून घ्यायला सांगितली. अहवाल आला. एका जागी बदल सापडला होता, आणि पुढे लिहिलं होतं: अर्थ अनिश्चित.

"म्हणजे चांगलं की वाईट?" धाकटीने विचारलं होतं.

"म्हणजे माहीत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमच्या आईच्या लोकांची माहितीच आमच्याकडे नाही. उद्या हाच बदल घेऊन सत्तरी गाठलेली ठणठणीत बाई सापडली, तर समजायचं निरुपद्रवी आहे. पण तो वाईट निघाला, तर छाती आणि अंडाशय दोन्ही काढलेले बरे. घराण्यात आणखी कुणाला होतं का?"

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. आई आणि मावशी. त्यापलीकडे त्यांना कुणी माहीतच नव्हतं.

"मग नुसत्या या एका ओळीवर मी तुमच्यावर सुरी चालवणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "थांबा. काही कळलं की बघू."

धाकटी थांबली. आपलं दुखणं पोटच्या पोरीच्या गळ्यात बांधायचं नाही, काय ते कळल्याशिवाय मूल नको, असं तिने नवऱ्याला सांगून टाकलं. वय कुणासाठी थांबत नव्हतं. थोरलीने स्वतःची तपासणी केलीच नाही. आधी धाकटीचं कळू दे, मग माझं, असं म्हणत तिने ती पुढे ढकलली. आणि टाकीखालच्यांची लाळ गोळा करायला त्यांच्यातलं माणूस हवंय असं कळलं, तेव्हा दवाखान्याच्या खिडकीवरची बरी चाललेली नोकरी सोडून ती इथे आली. कामाचा एक नियम कडक होता. आपल्या घरचं रडगाणं सांगून कुणाला भरीला घालायचं नाही. तेव्हा ती मूग गिळून 'पुढच्या पिढ्यांसाठी' वगैरे छापील वाक्यं दारोदार बोलत हिंडायची. तिला काय हवंय ते कुणाला माहीत नव्हतं, त्यामुळे कुणी तिला काही सांगतही नव्हतं.

न्हाव्याची नळी जमा करायला ती कचेरीत गेली, तेव्हा गणितवाल्याने तिला थांबवून घेतलं. सगळ्या वस्त्यांचे आकडे हा पोरसवदा माणूस बघायचा. माणूस भला, पण वाईट बातमी सांगताना टेबलावरची पेन्सिल सरळ करत बसायची त्याला सवय होती. आज त्याने पेन्सिलीला हात घातला तेव्हाच ती खुर्ची ओढून बसली.

"तुम्ही खूप लोक आणलेत," तो म्हणाला. "पण सगळे एकमेकांच्या नात्यातले निघतात."

"असणारच. आपसांत लग्नं करतात ते."

"तसं नाही. एकाच घरातले लोक मोजले, तर एकच माणूस पुन्हापुन्हा मोजल्यासारखं होतं. त्यातले थोडेच धरता येतात. बाकीचे बाजूला ठेवावे लागतात."

"मग मी परके आणू कुठून?" तिचा आवाज चढला. "नात्याशिवाय तिथे कुत्रंसुद्धा उभं करत नाही मला."

गणितवाल्याने पेन्सिल आणखी सरळ केली. तिला वाटलं, याच्यावर कशाला आग पाखडायची. तिने खालच्या आवाजात धाकटीच्या अहवालातल्या त्या बदलाचं विचारलं. एकट्यादुकट्याचं तो सांगू शकत नव्हता, वस्तीचं सांगू शकत होता.

"दिसतो तो बदल," तो म्हणाला. "तुमच्या वस्तीत दिसतो. बाहेर जवळजवळ नाहीच."

"वाईट आहे?"

"काहीच म्हणता येत नाही. ज्यांच्यात दिसतो ते बहुतेक पुरुष आहेत, नाहीतर तरुण मुली. यांच्यावरून काय कळणार? तुमच्याकडे वयस्क बायकांचे नकारच फार आहेत. खरं सांगू का, हा बदल असलेल्या चार धडधाकट म्हाताऱ्या मिळाल्या ना, तर मला बाकी कुणी नको. अहो, एक मिळाली तरी बोलायला जागा होईल."

एक म्हातारी. ती जिना उतरली तेव्हा तिला हलकं वाटत होतं. एवढ्या मोठ्या कामाचं सार शेवटी इतकं छोटं निघालं होतं. एका म्हातारीला पटवणं काय अवघड आहे?

पुढचे दिवस तिने टाकीखालचे उंबरे झिजवले. पुरुष कामावर गेले की ती जायची, म्हणजे बायका मोकळेपणी बोलतील. सुताराकडे त्याची सून कपडे वाळत घालत होती. सासूबाई आहेत का म्हटल्यावर तिने भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. शिपायाच्या घरी त्याची मुलगी एकटीच स्वयंपाक करत होती; आत्या असतात ना तुझ्या, असं विचारल्यावर "बाबांना विचारा" म्हणून तिने दार लोटून घेतलं. एका घरी रिटायर झालेला ड्रायव्हर स्वतःच्या शर्टाला बटण लावत बसला होता. त्याने तिला पाणी दिलं, स्वतः थुंकला, आणि बायकोचा विषय काढताच चष्मा पुसत बसला. ती दर घरापुढे नकाराची खूण करत गेली; फोनवर दुसरी खूणच नव्हती. मनात म्हणाली, बायकांना इतकं दाबून ठेवणारे लोक मी पाहिले नाहीत.

वस्तीत तिच्या डोळ्यांसमोर एकच म्हातारी होती. कोपऱ्यावरची दुकानवाली. केस कापसासारखे, तोंडात दात नावाला, आणि साखरेचं पोतं स्वतः ओढून आत नेणारी. तिला तिने पूर्वीही विचारलं होतं. "माझं घेऊन काय करशील, दुसरं कुणी बघ," एवढंच ती म्हणाली होती. आता दुसरं कुणी नव्हतं. दुपारी गिऱ्हाईक कमी असताना ती दुकानात गेली आणि तांदळाच्या पोत्यावर ठाण मांडून बसली.

"आजी, आज घेतल्याशिवाय उठणार नाही मी."

"बाई बाई, केवढी ही चिकाटी. लग्नाला तरी एवढ्या मागे लागतात का गं कुणी?" आजीने तराजू बाजूला सारला. "आण इकडे. तुझं मन मोडत नाही."

आजीने बोळक्या तोंडाने बघता बघता नळी भरली आणि वर विचारलं, "आणखी हवी?" तिला मिठी मारावी असं थुंकीवालीला वाटलं. धाकटीला काय सांगायचं, कसं सांगायचं, इथपर्यंत तिचं मन पोचलं होतं. तिने झाकण घट्ट फिरवलं.

"आता थोडं विचारते. तुमचे आईवडील दोघेही टाकीखालचेच ना?"

"छे गं. मी नदीपलीकडची," आजी म्हणाली. "यांनी पळवून आणलं मला. केवढा तमाशा झाला होता तेव्हा. माझ्या बापाने जन्मभर नाव टाकलं."

ती नळीकडे बघत राहिली.

"म्हणून तर म्हणत होते, माझं घेऊन काय करशील. तुला इथली माणसं हवीत."

"आजी," ती म्हणाली. "मग इथली कुणी दाखवा. तुमच्या वयाची, तुमच्याहून थोडी लहान असली तरी चालेल. घरचे बाहेर येऊ देत नाहीत त्यांना. तुमचं ऐकतील. फक्त एक दाखवा."

"कुणाला येऊ देत नाहीत?"

"म्हाताऱ्या बायकांना."

आजीने तिच्याकडे नीट पाहिलं. मग पदराने तोंड पुसून ती स्टुलावर टेकली.

"अगं, आहेत कुठे त्या? माझ्याबरोबर नळावर भांडायच्या त्या सगळ्या गेल्या. न्हाव्याची आई गेली, मग त्याची बायको. सुताराची आई, शिपायाच्या दोघी बहिणी. केस पिकायच्या आत गेल्या एकेक. मला म्हणायच्या, तू मेली पलीकडची, चिवट हाडाची, तुला काही होत नाही."

"कशाने गेल्या?"

"पुरुषांना विचारशील तर ताप म्हणतील, अशक्तपणा म्हणतील. त्यांना तरी काय माहीत? नवऱ्याला सांगायच्या नाहीत या. पण शेवटची आंघोळ घालायला मलाच बोलावायचे. घरच्या पोरींना धीर होत नसे." आजी बोलताना तराजूच्या पारड्यातले दाणे वेचून डब्यात टाकत होती. "छातीला जुन्या कापडाची धडपी घट्ट बांधलेली असायची. ती सोडली की कळायचं. कुणाचं पोट फुगलेलं असायचं, पण बहुतेकींचं छातीचंच. इतकं झालं होतं तरी भाकऱ्या थापत होत्या, पोरांना शाळेत पाठवत होत्या. बोलल्या नाहीत कुणी."

"तुम्ही नाही सांगितलंत कुणाला?"

"कुणी विचारलं नाही गं." आजीने डब्याचं झाकण लावलं. "तुझ्या आईलाही मीच घातली आंघोळ. तुझी वेणी घातली होती त्या दिवशी. धाकटी भुकेने रडत होती, तिला दूध पाजलं. तुला कुठे आठवणार."

तिला आठवत नव्हतं. आईला ताप आला होता, एवढंच तिला कुणीतरी सांगितलेलं आठवत होतं. कॅन्सरचं नाव वडिलांनी पुष्कळ उशिरा घेतलं. तिने नळी पिशवीत ठेवली, पुन्हा बाहेर काढली, पुन्हा ठेवली.

"जाईल ना ती वरपर्यंत?" आजीने विचारलं. "एवढी हौसेने दिली."

"जाईल," ती म्हणाली.

खोटं नव्हतं ते. नळी जाणार होती आणि नदीपलीकडच्यांत मोजली जाणार होती. त्यांची मोजदाद आधीच पुष्कळ झालेली होती.

बाहेर ऊन होतं. नळावर बायकांची रांग लागली होती. सुताराची सून होती, शिपायाची पोर होती, आणखी कितीतरी जणी होत्या, सगळ्या तरण्या. इतक्या वेळा या रांगेवरून ती गेली होती आणि रांगेत एकही पिकलेलं डोकं नाही हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"काय थुंकीवाली, आज किती थुंकले?" सुताराची सून हसत म्हणाली. तिच्या कडेवर तान्ही मुलगी होती.

एरवी ती असल्या थट्टेला जशास तसं उत्तर द्यायची. आज या पोरींना सांगायला हवं होतं आणि काय सांगायचं ते तिला माहीत नव्हतं. डॉक्टरबाई बघतील म्हणावं? गणितवाला याला पुरावासुद्धा म्हणणार नव्हता. तिने सुनेच्या मुलीच्या गालाला हात लावला आणि ती तशीच पुढे निघाली. मागून कुणीतरी "हिला झालंय तरी काय आज?" असं म्हटलेलं तिने ऐकलं.

ती घरी गेली नाही, सरळ धाकटीकडे गेली. खोलीभर निळं कापड पसरून धाकटी जमिनीवर बसली होती आणि तोंडात टाचण्या धरून दुमड घालत होती. तिने भुवया उंचावून बसायची खूण केली.

"नाही मिळाली," थोरली म्हणाली.

धाकटीने तोंडातल्या टाचण्या हातात घेतल्या. "मिळेल गं. तू कसली सोडतेस. माझी काही घाई नाही."

"नाही मिळणार. तिथे म्हाताऱ्या नाहीतच."

मग तिने सगळं सांगितलं. आजीने सांगितलं तसंच, आवाज न चढवता. धडप्यांचं सांगितलं, आईचंही सांगितलं. धाकटी एकेक टाचणी कापडात खोचत ऐकत होती. टाचण्या संपल्यावर ती रिकाम्या हातांकडे बघत बसली.

"म्हणजे कळलं तर," ती म्हणाली.

"कागदावर नाही कळलं. कागदावर अजून अनिश्चितच आहे."

"डॉक्टरबाईंनी विचारलं होतं ना, घराण्यात आणखी कोण?"

"हो."

"मग आता सांगू त्यांना." धाकटीने डोळे पुसले, पण ते पुन्हा भरले. "मला मूल हवं होतं, ताई. मी नावंसुद्धा काढून ठेवली होती. तुला सांगितलं नव्हतं."

थोरली निळ्या कापडावरच तिच्या शेजारी बसली. तिला जवळ घेताना टाचण्या टोचत होत्या, तरी दोघी बाजूला झाल्या नाहीत. किती वेळ रडल्या कोण जाणे. आईसाठी तेव्हा रडायचं राहून गेलं होतं, तेही त्यात आलं.

मग धाकटीने नाक पुसलं, उठून शिलाई मशीनवरचा फोन घेतला आणि दवाखान्याचा नंबर शोधून काढला.

"ऑपरेशनची तारीखच मागते एकदम," ती म्हणाली. "आता विचार करत बसले तर पुन्हा थांबेन मी."

"माग," थोरली म्हणाली. "दोघींची माग. माझी तपासणी आता पुढे ढकलत नाही."

धाकटीने वळून तिच्याकडे पाहिलं. फोन कानालाच होता. पलीकडून कुणीतरी बाई "हॅलो, बोला, कुणाची तारीख हवी?" असं विचारत राहिली.